ड्रेड एक्स कलेक्शन आणि छोटे हॉरर गेम : भीती हाताला दिलेल्या कामात असते

माजघर

‘ड्रेड एक्स कलेक्शन’ हा छोट्या हॉरर गेमचा पहिला संग्रह मे २०२० मध्ये आला. दहा स्वतंत्र गेमकर्त्यांना प्रत्येकी सात दिवस देण्यात आले होते आणि विषय असा होता की, तुमच्या मनात जो हॉरर गेम आहे त्याचा खेळता येईल असा एक मासला तयार करा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरा आणि ऑक्टोबरमध्ये तिसरा संग्रह आला, २०२१ मध्ये चौथा आणि २०२२ मध्ये पाचवा. पहिले तीन मी पूर्ण खेळले आहेत, पुढच्या दोघांतले निवडक. मराठीत या गेमविषयी फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

खेळता येणाऱ्या मासल्याची कल्पना कुठून आली हे जुन्या खेळाडूंना ठाऊकच असेल. ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ वर ‘पी. टी.’ (‘प्लेएबल टीझर’, म्हणजे खेळता येणारा मासला) नावाचा एक विनामूल्य गेम आगाऊ गाजावाजा न करता प्रसिद्ध झाला. घरातला एक अरुंद, काटकोनात वळणारा पॅसेज, त्याच्या टोकाला दार, आणि ते दार उघडले की पुन्हा त्याच पॅसेजची सुरुवात, एवढाच त्याचा विस्तार होता. मात्र प्रत्येक फेरीत काहीतरी बदललेले असे. जपानी गेमकर्ते हिदेओ कोजिमा यांच्या ‘सायलेंट हिल्स’ या आगामी गेमची ती नांदी होती. मूळ गेम एप्रिल २०१५ मध्ये रद्द झाला आणि त्याच सुमारास ‘पी. टी.’ही ऑनलाइन दुकानातून काढून घेण्यात आला. जो गेम कधी झालाच नाही त्याच्या मासल्याने पुढच्या कित्येक गेमकर्त्यांना वळण लावले, कारण एका पॅसेजमध्ये माणूस एवढा घाबरू शकतो हे त्याने दाखवून दिले होते.

हे संग्रह एकापाठोपाठ खेळताना माझे एक मत हळूहळू पक्के होत गेले. गेममधली भीती पडद्यावर काय दिसते यावर फार थोडी अवलंबून असते. खेळणाऱ्याच्या हाताला कोणते काम दिले आहे, ते करताना त्याचे लक्ष कुठून काढून घेतले जाते आणि ते काम अर्ध्यावर सोडण्याची मुभा त्याला आहे की नाही, यावर ती बरीच जास्त अवलंबून असते. मोठ्या गेममध्ये हेच काम दहा-पंधरा तास करावे लागते, त्यामुळे ते अंगवळणी पडते, आणि काम अंगवळणी पडले की भीतीही पडते. छोटा गेम हात सरावण्याच्या आत संपतो.

पहिल्या संग्रहातला ‘हँड ऑफ डूम’ घ्या. हा टॉर्पल डूक यांचा गेम. दिसायला तो नव्वदच्या दशकातल्या संगणकावरील तळघरांच्या गेमसारखा आहे : पडद्याच्या एका भागात छोटी चौकट, तिच्यात आपल्या डोळ्यांसमोरचे जग, आणि उरलेल्या जागेत कळा. या कळांवर मंत्रांची अक्षरे आहेत. मंत्र म्हणायचा तर ती अक्षरे योग्य क्रमाने, एकेक करून, माउसने दाबावी लागतात. शांतपणे उभे राहून हे करणे अगदी सोपे आहे, आणि सुरुवातीला तर त्यात मजाही वाटते. पण समोरून काहीतरी चालत येत असते तेव्हा डोळ्यांना एकाच वेळी दोन ठिकाणी राहता येत नाही. चौकटीकडे पाहिले तर कळ चुकते, कळांकडे पाहिले तर ते किती जवळ आले हे कळत नाही. मी चौकटीकडे पाहणे सोडून दिले आणि नुसती अक्षरे दाबत राहिले, आणि त्या काही क्षणांत खांदे आखडून कानापर्यंत आले होते. त्या राक्षसाचे चित्र मोजक्या ठिपक्यांचे आहे, त्याचे मला काहीच भय वाटले नव्हते. भय होते ते तिसरे अक्षर कोणते याचे.

‘मिस्टर बकेट टोल्ड मी टू’ हा त्याच संग्रहातला स्ट्रेंज स्कॅफोल्ड या गेमसंस्थेचा गेम याहून वेगळ्या रीतीने तेच साधतो. निर्जन बेटावर जगून राहण्याचे गेम पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्यांची चाल एकच असते : आधी काही नसते, मग कुऱ्हाड मिळते, मग झोपडी, मग शेकोटी. इथे चाल उलटी आहे. गरजेच्या वस्तू सुरुवातीलाच हाताशी आहेत, आणि मिस्टर बकेट नावाची बादली त्यांतली एकेक वस्तू टाकून द्यायला सांगते. भूक, तहान, झोप या गरजा मात्र तशाच राहतात, त्यामुळे काल ज्या साधनाने एखादे काम सरळ होत होते ते आज कशाने करायचे याचा विचार करावा लागतो, आणि उत्तर दर दिवशी अधिक किळसवाणे होत जाते. कुठली वस्तू टाकायची हे आपण ठरवतो. मला या गेममधली सर्वांत क्रूर गोष्ट हीच वाटली, कारण पुढच्या दिवशी जे भोगावे लागते त्याची निवड आदल्या दिवशी आपणच केलेली असते.

एअरडॉर्फ यांचा ‘समर नाइट’ आपल्याकडच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. नव्वदच्या दशकात तुळशीबागेत आणि जत्रांतून हातात धरायचे जे ब्रिक गेम मिळत त्यांच्याही आधीच्या पिढीचा, द्रवस्फटिकाच्या (एलसीडी) पडद्याचा, एक खेळ आपल्या हातात आहे. निन्टेन्डोचे ‘गेम अँड वॉच’ १९८० मध्ये आले, त्या घडणीचा. अशा खेळात आकृत्या हलत नाहीत. काचेवर ठरलेल्या जागी त्या कोरलेल्याच असतात आणि आलटून पालटून उमटतात. म्हणजे त्या यंत्राला जे काही दाखवता येणार आहे ते सगळे आधीपासून काचेत आहे. एअरडॉर्फ यांनी या गोष्टीचा फार सुंदर उपयोग केला आहे, आणि तो कसा हे मी मुद्दाम सांगत नाही. एवढेच सांगते की दोन कळांचा हा खेळ आहे, गुण वाढत जातात, आणि एका टप्प्यानंतर गुण वाढू नयेत असे वाटू लागते.

सगळेच गेम या तोडीचे नाहीत. काहींत नुसते चालायचे आहे, चिठ्ठ्या वाचायच्या आहेत आणि शेवटी कानठळ्या बसवणारी किंकाळी ऐकायची आहे. असे गेम मी संपवले, पण दुसऱ्या दिवशी त्यांतले काही आठवले नाही. मात्र फसलेला गेमही अर्ध्या तासात संपतो आणि पुढचा सुरू होतो, हा संग्रहाचा मोठा गुण आहे. दिवाळी अंक चाळताना एखादी कथा जमली नाही म्हणून आपण अंक टाकून देत नाही, आणि एकाच अंकात शेजारी शेजारी छापल्यामुळे दोन कथा एकमेकींना उजेडात आणतात. इथेही तसेच घडते. ‘हँड ऑफ डूम’च्या पाठोपाठ ‘समर नाइट’ खेळल्याशिवाय दोघांचे मर्म एकच आहे हे मला उमगले नसते.

आपण यांतले काय खेळला आहात, आणि हे मत आपल्याला कितपत पटते, ते अवश्य लिहावे.

---

निशाचर

धागा मनापासून आवडला. आपल्या मुद्द्याला बळकटी देणारा एक गेम सुचवतो, तो या संग्रहांतला नाही, पण पहिल्या संग्रहातल्या ‘द पोनी फॅक्टरी’चे कर्ते डेव्हिड शिमान्स्की यांचाच आहे : ‘आयर्न लंग’, मार्च २०२२. साधारण तासाभराचा गेम. रक्ताचा समुद्र, त्यात एक गंजकी छोटी पाणबुडी, आणि आत एक कैदी. पुढची खिडकी लोखंडाने बंद केलेली आहे, म्हणजे बाहेरचे काही दिसण्याची सोय नाही. हातात काय आहे? एक कागदी नकाशा, स्थान आणि दिशा सांगणारे आकडे, पुढे-मागे जाण्याच्या व वळण्याच्या कळा, आणि मागच्या बाजूला छायाचित्र काढण्याचे बटण. अडथळा जवळ आला की त्या बाजूचा दिवा लागतो आणि टिकटिक वाढते.

म्हणजे खेळणारा सगळा वेळ भूमिती करत असतो. इतके अंश वळलो, इतके पुढे आलो, तर नकाशावर मी इथे असायला हवा. मग उठून मागे जायचे, बटण दाबायचे, आणि दाणेदार काळ्या-पांढऱ्या चित्रात काय आहे याचा अंदाज करायचा. एखादे छायाचित्र काढून आपण परत पुढे येतो, आकडे वाचतो, आणि बाहेरून काहीतरी पाणबुडीला लागल्याचा आवाज येतो. त्या क्षणी पुन्हा मागे जाऊन बटण दाबायचे की नाही, हा निर्णय मला कुठल्याही मोठ्या गेममधल्या पाठलागापेक्षा जड गेला. पाहण्याचे काम माझ्याकडेच होते आणि ते टाळण्याची मुभाही मलाच होती.

आपण लिहिलेल्या अटींत मी एक भर घालीन. हाताला दिलेले काम किंचित कंटाळवाणे असले पाहिजे. आकडेमोडीत मन गुंतले की मनाची राखण सुटते, आणि भीती तिथूनच शिरते.

---

ठोकळा

मी दिवसा हिंजवडीत नोकरी करतो आणि रात्री युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर छोटे गेम करतो, तेव्हा करणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो.

सात दिवसांत गेम करायचा म्हटल्यावर पहिल्याच दिवशी बऱ्याच गोष्टींवर काट मारावी लागते. माणसाचा चेहरा सर्वांत आधी जातो, कारण बोलणारा, हालचाल करणारा विश्वासार्ह चेहरा करायला एकट्याला आठवडा पुरत नाही. मग पात्रे पाठमोरी होतात, मुखवटे घालतात, अंधारात उभी राहतात किंवा रेडिओवरून बोलतात. गर्दी जाते, म्हणून गाव ओस पडते. लांबवरचा देखावा जातो, म्हणून धुके येते. खेळ मध्येच जपून ठेवण्याची सोय करायला वेळ नसतो, म्हणून तो एका बैठकीत संपवावा लागतो. हॉररला जे जे हवे असते ते वेळेच्या तुटवड्यातून जवळजवळ आपोआप मिळते, आणि इतक्या थोड्या अवधीत विनोदी किंवा प्रेमकथेचा गेम करणे त्यामानाने फार कठीण जाते.

जुन्या प्लेस्टेशनची (पीएस वनची) जी धाटणी या गेममध्ये सर्रास दिसते तिच्याविषयीही थोडे सांगायला हवे. त्या यंत्रावर आकृतीचे कोपरे पडद्यावरच्या पूर्ण ठिपक्यांवरच बसत, ठिपक्याच्या अर्ध्या-पाव भागाचा हिशेब तिथे नव्हता. त्यामुळे कॅमेरा हलला की भिंतींचे कोपरे टुणटुण उडतात. पृष्ठभागावरचे चित्र बसवताना अंतराची दुरुस्ती केली जात नसे, म्हणून फरशीच्या रेघा जवळ गेल्यावर वाकतात. खोलीतली कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे हे ठिपक्या-ठिपक्याला तपासण्याची सोयही त्यात नव्हती. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मधले धुके यंत्राची मर्यादा झाकायला उपयोगी पडले आणि त्या गावाची ओळखच होऊन बसले. आज हे सगळे दोष आम्ही मुद्दाम प्रोग्राम लिहून परत आणतो. त्याचा खरा फायदा असा की, नीट न दिसणारी वस्तू खेळणारा मनाने पुरी करतो, आणि एका माणसाला चार दिवसांत अख्खे घर उभारता येते. पण ही धाटणी आता इतकी सोपी झाली आहे की नुसत्या थरथरत्या भिंती आणि दाणेदार पडदा म्हणजे हॉरर, असा समज होऊ लागला आहे. धागाकर्तीने ज्या विस्मरणात जाणाऱ्या गेमचा उल्लेख केला ते बहुधा याच समजुतीतून झालेले असतात. करणाऱ्याने भिंती आधी केल्या आणि हाताला काम काय द्यायचे हे शेवटच्या दिवसापर्यंत ठरवलेच नाही.

ज्यांना या धाटणीचा आवाका पाहायचा असेल त्यांनी ‘हाँटेड पीएस वन डेमो डिस्क’ उतरवून घ्यावी. २०२० च्या पहिल्या डिस्कमध्ये सतरा गेमचे नमुने होते, आणि ती इच डॉट आयओ या संकेतस्थळावर विनामूल्य आहे.

---

कातरवेळ

मला आपले म्हणणे अर्धेच पटते, आणि न पटलेल्या अर्ध्याविषयी लिहिते.

किटी हॉररशो यांचा ‘ॲनाटॉमी’ हा २०१६ चा गेम मी आजवर खेळलेल्या हॉरर गेममधला सर्वोत्तम मानते. त्यात एक रिकामे अंधारे घर आहे आणि घरात ठिकठिकाणी कॅसेट पडलेल्या आहेत. कॅसेट उचलायची, स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर आहे तिथे न्यायची आणि ऐकायची. एक बाई संथ आवाजात घराची आणि शरीराची तुलना करत बोलते : कुठली खोली म्हणजे कुठला अवयव. कोणी अंगावर येत नाही, कळा चुकण्याची भीती नाही, आकडेमोड नाही. तरीही तळघरात जायची वेळ आली तेव्हा मी दिवाणखान्यातला दिवा लावून बसले. हे काम शब्दांनी आणि आवाजाने केले. लिहिलेल्या मजकुराला आपण फारच कमी जागा दिली आहे असे मला वाटते.

दुसरे असे की, पहिल्या संग्रहाचा विषयच मासला असा असल्यामुळे त्यातल्या काही गेमना शेवट नाही. गोष्ट रंगात येते आणि पडदा पडतो. मासला म्हणून ते ठीक, परंतु पैसे देऊन घेतलेल्या संग्रहात निदान अर्धे गेम तरी स्वतःच्या पायांवर पुरे उभे असावेत अशी अपेक्षा चूक नाही. दुसऱ्या संग्रहात हे बरेच सुधारले. त्यात आणखी एक गोष्ट आवडली : गेमची यादी देण्याऐवजी एक हवेली दिली आहे, तिच्यात हिंडत किल्ल्या शोधायच्या आणि त्यांनी गेमची दारे उघडायची. दोन गेमच्या मध्ये त्या हवेलीत परत यावे लागते, आणि एका गेमची भीती निवण्याआधीच आपण दुसऱ्या अंधारात उभे असतो. संपादकाचा हात इथे दिसतो.

---

माजघर

निशाचर, कंटाळ्याचा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो अगदी नेमका आहे. ‘आयर्न लंग’मध्ये बटण मागच्या बाजूला ठेवणे ही किती विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे! ते पुढेच असते तर आकड्यांकडे पाठ फिरवावी लागली नसती आणि अर्धी भीती तिथेच गेली असती.

कातरवेळ, ‘ॲनाटॉमी’विषयी आपण लिहिलेत ते फार चांगले आहे, आणि त्यातला मजकूर उत्कृष्ट आहे याबद्दल दुमत नाही. परंतु तोच मजकूर कोणी मला कागदावर दिला असता तर मी तो कौतुकाने वाचून बाजूला ठेवला असता. कॅसेट जिथे सापडते तिथेच ऐकता येत नाही. ती घेऊन सगळे घर ओलांडून स्वयंपाकघरात यावे लागते, आणि ऐकून झाल्यावर, ज्या खोलीविषयी नुकतेच ऐकले तिच्यावरून पुढच्या कॅसेटकडे जावे लागते. ही ये-जा म्हणजेच हाताला दिलेले काम आहे. आणि त्या गेमची सर्वांत धाडसी गोष्ट तर आपण सांगितलीच नाही, बहुधा इतरांसाठी राखून ठेवली असावी, पण गेम आता बराच जुना झाला आहे म्हणून लिहिते : एका टप्प्यावर तो आपोआप बंद होतो. संगणकावर नेहमीचा पडदा दिसू लागतो. पुढे काय आहे हे पाहायचे असेल तर तो पुन्हा आपल्याच हाताने सुरू करावा लागतो, आणि उघडल्यावर घर पहिल्यासारखे राहिलेले नसते. दाराबाहेर सुखरूप आणून सोडलेल्या माणसाला स्वतःहून परत आत जायला लावणे, याहून मोठे काम हाताला देता येईल असे मला वाटत नाही.

अपुऱ्या शेवटांविषयीची आपली तक्रार मात्र रास्त आहे. त्याची दुसरी बाजू एवढीच की या संग्रहांतले काही छोटे गेम पुढे खरोखर वाढले. दुसऱ्या संग्रहातला ‘सकर फॉर लव्ह’ २०२२ मध्ये स्वतंत्र गेम म्हणून आला, आणि त्याच संग्रहातला ‘स्क्विरल स्टेपलर’ही पुढे वेगळा प्रसिद्ध झाला. छोट्या गेममध्ये जे तंत्र चालते ते लांबवल्यावर टिकते का, हे तपासायला हे दोन्ही उपयोगी आहेत. माझ्या मते ‘स्क्विरल स्टेपलर’ छोटाच बरा आहे.

---

एरंडवणेकर

मी स्वतः फारसा खेळत नाही. आमच्याकडे शनिवारी रात्री पुतण्या आणि त्याचे मित्र जमतात, एक जण खेळतो आणि बाकीचे पाहतात, मीही बसतो. धागा वाचून एक गोष्ट ध्यानात आली ती नोंदवतो. ‘स्क्विरल स्टेपलर’ आम्ही असाच पाहिला. जंगलात बंदूक घेऊन खारी शोधायच्या, त्यांना चाहूल लागू द्यायची नाही, आणि त्यांचे जे काही पुढे करायचे ते नावातच आहे. पाहणाऱ्या आम्हा सगळ्यांना तो विचित्र आणि बऱ्याच अंशी गमतीचा वाटला. खेळणारा मुलगा मात्र एक अक्षर बोलत नव्हता. एरवी पुढे हो, डावीकडे बघ, अशा सूचना सहन करणारा हा मुलगा त्या दिवशी सर्वांना गप्प राहा म्हणाला, कारण खारीचा आवाज कुठल्या झाडामागून येतो ते त्याला ऐकायचे होते. पुढच्या खेपेस माउस माझ्याकडे दिला गेला, आणि तेच जंगल मला दोन मिनिटांत नकोसे झाले. सबंध आठवडाभर जे आठवून आम्ही हसत होतो ते हातात घेतल्यावर हसू येईना.

यूट्यूबवर या गेमचे पुष्कळ व्हिडिओ असतात आणि अनेक जण ते पाहूनच गेमविषयी मत बनवतात. धागाकर्तीचे म्हणणे खरे असेल, तर अशा मतांत गेमचा गाभाच वगळला जातो.

एक विचारायचे आहे. पुतण्याची धाकटी बहीण बारा वर्षांची आहे आणि तिलाही हे खेळायचे आहे. यांतले तिच्यासाठी काय चालेल? शिवाय घरचा संगणक जुना आहे.

---

माजघर

एरंडवणेकर काका, आपली नोंद मला या धाग्यातली सर्वांत मोलाची वाटते, कारण एकच गेम आपण दोन्ही जागांवरून अनुभवलात.

बारा वर्षांच्या मुलीला पहिले दोन संग्रह देऊ नयेत असे मी स्पष्टच सांगेन. त्यांत रक्तपात आहे, प्रेतांची विटंबना आहे, आणि मनाला त्रास देणारे विषय आगाऊ सूचना न देता येतात. तिसऱ्या संग्रहाचा विषय भीतिदायक आणि गोंडस असा होता, त्यामुळे त्याचा रंग पुष्कळ सौम्य आहे. पण तोही आपण आधी स्वतः खेळून मगच तिला निवडक द्यावा. त्यातला ‘स्पूकवेअर’ काही सेकंदांच्या चिमुकल्या खेळांनी बनलेला आहे : एक सूचना पडद्यावर येते, ती समजून घेऊन लगेच काहीतरी करायचे, की पुढची सूचना. घाबरण्यापेक्षा धांदल उडते आणि सगळे मिळून हसतात. तिथून सुरुवात व्हावी. बहुतेक गेमची धाटणी जुनी असल्यामुळे साध्या संगणकावरही पुष्कळसे चालतात. मात्र हे गेम वेगवेगळ्या हातांनी केलेले आहेत, एक चालला म्हणून दुसरा चालेलच असे नाही, तेव्हा प्रत्येकाची गरज विकत घेण्याआधी पाहून घ्यावी.

हेडफोन मात्र चांगले असू द्यावेत. आवाज हा विषय या धाग्यात अजून नीट आलेला नाही. ठोकळा, आपण लिहाल का?

---

ठोकळा

आवाजाबद्दल थोडक्यात लिहितो. करताना मला सर्वांत कमी वेळात सर्वांत जास्त परिणाम देणारी गोष्ट म्हणजे खेळणाऱ्याच्या स्वतःच्या पावलांचा आवाज. लाकूड, फरशी, माती यांवर तो बदलायला हवा, आणि तो थांबल्यावर खोलीचा म्हणून एक हलका आवाज उरायला हवा. खेळणारा पावलांना सरावला की, तो उभा असताना एकच पाऊल वाजवावे. याला चित्र लागत नाही, राक्षस लागत नाही, आणि पुढची पाच मिनिटे तो थांबत थांबत, कानोसा घेत चालतो. किंकाळी ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे, आणि तिने खेळणारा दचकतो तेवढाच. दचकणे ओसरले की तो निर्धास्त होतो, म्हणजे करणाऱ्याने स्वतःच जमवलेली भीती स्वतःच उधळून टाकलेली असते.

आता माझ्या मनातली गोष्ट लिहितो. पुण्यात घडणारा असा छोटा गेम करावा अशी माझी फार इच्छा आहे. वाड्याचा विचार सर्वांना प्रथम सुचतो, आणि वाडा चांगलाच आहे : काळोखी बोळ, माजघर, बळद, आणि माडीकडे जाणारा तो अरुंद जिना, ज्याच्या तोंडावरचे झाकणाचे दार रात्री आतून लावून घेत. पण शनिवारवाडा आणि नारायणराव पेशव्यांची हाक हे इतके परिचित झाले आहे की, तिथे काय ऐकू येणार हे प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. म्हणून मी कात्रजच्या नळाचा विचार करतो आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून शहरापर्यंत पाणी आणणारे हे भुयार बांधले गेले. पाणी नुसत्या उतारावर वाहत असे, पेठांतल्या हौदांना पुरवठा होत असे, भुयारातून माणूस चालत जाऊ शके, आणि वाटेत ठिकठिकाणी वर उघडणारे उच्छ्वास आहेत. खेळणारा हा आत उतरून नळ साफ करणारा माणूस असेल. वर ऊन आहे, शहर जागे आहे, आणि तो खाली आहे. हाताला काय काम द्यावे हे अजून ठरत नाही.

---

निशाचर

गाळ काढण्याचे काम द्यावे. पाणी घोट्यापर्यंत आहे, म्हणून आपल्याच पावलांचा आवाज इतका होतो की दुसरे काही ऐकायचे तर उभे राहावे लागते. आपण आवाजाविषयी जे लिहिलेत ते इथे फुकट मिळते.

---

कातरवेळ

सुचवायचे म्हणून सुचवते. त्याला उच्छ्वास मोजायला लावा. आत नकाशा नाही, दिशा नाही, वरून पडणारा उजेडाचा एक गोल आणि पुढचा गोल यांच्यामध्ये काळोख आहे, आणि आपण कुठल्या पेठेखाली आलो हे केवळ मोजणीवरून कळते. मोजणी गेमने पडद्यावर दाखवू नये. ती खेळणाऱ्याने मनात ठेवावी, किंवा ‘आयर्न लंग’प्रमाणे कागदावर. वर आला की मुकादम आकडा विचारतो आणि त्या आकड्यावर दुसऱ्या दिवशीचे काम ठरते. मग एखाद्या दिवशी एक उच्छ्वास जास्त लागावा. खेळणाऱ्याला वाटेल की आपलीच मोजणी चुकली, आणि खात्री करून घ्यायची तर तेवढे अंतर परत आत चालत जावे लागेल.

---

माजघर

कातरवेळ, जास्तीचा उच्छ्वास खेळणाऱ्याने मुकादमाला सांगायचा की लपवायचा, हीसुद्धा त्याचीच निवड असू द्या. ठोकळा, मजकूर लिहायला आणि चाचणीसाठी खेळायला मी तयार आहे. पहिला कच्चा नमुना झाला की याच धाग्यावर दुवा द्यावा, आणि एरंडवणेकर काकांनी शनिवारच्या मंडळींपैकी एकाच्या हातात माउस देऊन बाकीच्यांना पाहायला बसवावे, म्हणजे दोन्ही बाजूंचे म्हणणे एकदम कळेल.